उस्तादांच्या गाडीची गळती

उस्तादांनी स्वतःची गाडी दुसऱ्याच्या हातात दिली, ही बातमी गल्लीत अशी पसरली, जणू कुणी राहतं घर विकायला काढलंय. आणि दुसऱ्याच्या म्हणजे कुणाच्या हो? पोटच्या पोरीच्या! थोरलीच्या! जिनं त्याच गॅरेजात अर्धं आयुष्य काळ्या हातांनी काढलं, तिच्या. पण लोकांचं नवलही खोटं नव्हतं. ती राखाडी गाडी म्हणजे उस्तादांचा जीव की प्राण. भंगारातून उचललेली, एकेक नट आपल्या हातानं बसवून उभी केलेली. थोरलीला त्या गाडीची काच पुसायची मुभा होती, तीही बाहेरून.

आता थोरलीचं एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. तिच्या बापानं तिला कधी ‘मिस्त्री’ म्हटलं नव्हतं. बस, एवढंच. गिऱ्हाइकं म्हणायची, गल्ली म्हणायची. शेजारचा टायरवाला, ज्याला त्याच्या आवाजामुळे सगळे भोंगा म्हणत, तो तर रस्त्याच्या पलीकडून ओरडायचा, “ओ मिस्त्रीणबाई, चहा सांगितलाय!” उस्ताद मात्र कुणी विचारलं की म्हणायचे, “ही होय, माझ्या हाताखाली असते.” हात कापायला लागल्यापासून ते स्वतः खुर्चीत बसून होते, सगळा गाडा हीच ओढत होती, तरी आपली ‘हाताखाली’च. माणूस वाईट नव्हता. त्यांच्या उस्तादानं त्यांनाही असंच वर्षानुवर्षं झुलवलं होतं आणि मग एक दिवस चारचौघांत ‘हा आता मिस्त्री’ म्हटलं होतं. तो शब्द उगाच तोंडातून काढायचा नसतो, अशी त्यांची पक्की समजूत. जळो मेली ती समजूत! पोरीचे केस पांढरे व्हायला लागले, लग्नाचं तर राहूनच गेलं, पण त्या एका शब्दासाठी ती अजून शाळेतल्या पोरीसारखी बापाच्या तोंडाकडे बघायची. वरून दाखवायची नाही, पण बघायची.

तर त्या सकाळी उस्तादांनी गाडी आत लावली, किल्ली तिच्या हातावर ठेवली आणि म्हणाले, “ऑइल गळतंय. रोज भरतो, रोज कमी होतं. कुठून गळतंय ते शोध. मी हात लावणार नाही आणि सांगणारही नाही.”

“मी? तुमच्या गाडीला?”

“तूच. एकटीनं. सापडलं ना, तर ह्या भोंग्यासमोर म्हणेन, मिस्त्री झालीस म्हणून.”

भोंगा पलीकडून ओरडला, “मी साक्षीदार! उस्ताद, शब्द फिरवायचा नाही!”

थोरलीला काय झालं असेल, तुम्हीच विचार करा. तिनं किल्ली खिशात ठेवली, पुन्हा काढून बघितली, पुन्हा ठेवली. मग सवयीनं विचारलं, “ऑइल बघितलंत?”

“सकाळीच बघितलंय. भरलंयसुद्धा. तू तुझं काम कर.”

त्या गॅरेजाचा एक नियम होता, उस्तादांनीच घालून दिलेला: आधी पट्टी, मग पाना. गाडी कसलीही तक्रार घेऊन येवो, पहिल्यांदा इंजिनातलं ऑइल मोजायची ती लांब पट्टी ओढायची. ओढायची, फडक्यानं पुसायची, पुन्हा पूर्ण आत घालायची, पुन्हा ओढायची आणि मग खुणा बघायच्या. पहिल्या खेपेला पट्टीवर ऑइल कुठंही चढलेलं असतं, त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही. लहानपणी थोरलीनं एकदा पहिल्याच खेपेला बघून सांगितलं होतं, तर टपली बसली होती डोक्यात. पण ह्या नियमाच्या वरचा दुसराही एक नियम होता, कुणी न सांगितलेला. उस्तादांनी बघितलं म्हणजे बघितलं. त्यांच्यामागून पुन्हा पट्टी ओढणं म्हणजे त्यांच्या तोंडावर त्यांना खोटं पाडणं. ते ह्या गॅरेजात कधी कुणी केलं नव्हतं. थोरलीनंही केलं नाही. इथंच तिचं चुकलं.

बाकी काम मात्र तिनं असं केलं की नाव ठेवायला जागा नाही. इंजिन रॉकेल मारून धुतलं, हवेनं कोरडं केलं. वरून पावडर भुरभुरवली, म्हणजे ऑइल जिथून पाझरेल तिथं काळी रेघ उठते. खाली पुठ्ठा अंथरला. इंजिन चालू करून टॉर्च घेऊन बसली. ऑइल खाली ठिबकतं म्हणून गळती खालीच असते असं नाही, ते वरून येतं आणि वाट मिळेल तसं उतरतं, हे तिला झोपेतही ठाऊक. थोड्या वेळानं टॅपेट कव्हरच्या कडेनं, म्हणजे इंजिनाच्या अगदी डोक्यावरच्या झाकणापासून, काळी रेघ उतरली. थोरलीचा जीव भांड्यात पडला. पॅकिंग गेलंय, दुसरं काय! नवं पॅकिंग बसवलं, नट बोटाच्या मापानं आवळले, इंजिन पुन्हा धुतलं.

दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्यावर पुन्हा डाग. ह्या खेपेला पुढून, क्रँकच्या, म्हणजे इंजिनात फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या, सीलमधून.

“काय हो मिस्त्रीणबाई,” भोंगा आलाच, “गाडी रडतेय का?”

“तू टायर फुगव तुझे.”

पुढची पुली काढली, सील उपसलं, आणि भसकन ऑइल तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत आलं. दुसऱ्या कुणाची गाडी असती ना, तर ती तिथल्या तिथं थांबली असती. इतक्या उंचीवर एवढं ऑइल येतंच कसं, म्हणून सरळ पट्टी ओढली असती. पण बापाच्या गाडीपुढं तिची अक्कल गहाण पडली होती. तिला उलट आनंद झाला. बघा, इथूनच गळत होतं, म्हणून सापडल्यासारखं वाटलं. नवं सील ठोकून बसवलं. उस्ताद खुर्चीतून बघत होते. उठून जाताना म्हणाले, “ऑइल भरत जा हो. कोरडं इंजिन चालवशील, जळेल.”

“तुम्ही भरताय ना?”

“मी भरतोच आहे.”

आणि सील बसवल्यावर गाडी गळायची थांबली? नाव नको! आता तर टॅपेट कव्हरचं नवंकोरं पॅकिंगही ओलं झालं. थोरलीनं हात टेकले. घोडं नेमकं कुठं पेंड खातंय तेच कळेना. पुठ्ठ्यावर डाग पडत होते खरे, पण ते पळीभर. उस्ताद म्हणत होते की रोज अर्धा डबा लागतो. सायलेन्सरमधून निळा धूर थोडा येत होता, पण अर्धा डबा जळेल एवढा नाही. पुठ्ठ्यावर नाही, धुरात नाही, मग ऑइल जातंय कुठं? तिनं ब्रीदर पाइप काढून बघितला, इंजिनातला दाब बाहेर सोडणारा. तो मोकळाच होता, पण आत साबणासारखा फेस. तिला जेवण गेलं नाही त्या दिवशी. आई म्हणाली, “अगं, एका गाडीसाठी जीव काय द्यायचाय का?” आता आईला काय सांगणार, गाडीसाठी नाही म्हणून?

त्याच्या पुढच्या सकाळी ती दुसऱ्या एका गाडीखाली, खड्ड्यात उतरून नट सोडवत होती. उस्ताद आले. ती खाली आहे हे त्यांना दिसलं नाही. त्यांनी राखाडी गाडीचं बोनेट उघडलं, काठी लावली. खिशातून फडकं काढलं, घडी घातलेलं, स्वच्छ. पट्टी ओढली. थोरली खालून बघत होती आणि तिला बरं वाटत होतं. काय ते हात! कापत होते तरी कसे नेमके चालत होते! फडक्यात पट्टी धरून वरून खाली एकदा, दोनदा पुसली. मग डोळ्यांजवळ नेऊन, उजेडाकडे धरून पट्टीकडे बघितलं.

पुसलेल्या पट्टीकडे.

“च्, च्, पार कोरडं,” ते स्वतःशीच म्हणाले. पट्टी आत ढकलली, झाकण उघडलं आणि डब्यातून ऑइल ओतायला लागले. सांडू नये म्हणून तोंड बारीक करून, अगदी सावकाश. झाकण लावलं, त्याच्याभोवतीचा ओघळ पुसला, बोनेट हलकेच खाली घेतलं. नळावर जाऊन हात धुतले. परत आले. गाडीजवळ थांबले, जरा वेळ नुसते उभे राहिले. मग बोनेट उघडलं, काठी लावली आणि खिशातून फडकं काढलं.

खड्ड्यात थोरलीच्या हातातला पाना तसाच राहिला. पट्टी निघाली, पुसली गेली, उजेडाकडे धरली गेली. “च्, च्, पार कोरडं.” तेच शब्द, तोच सूर. आणि पुन्हा ऑइल. काळजात कसं चर्र होतं ते सांगून कळत नाही, देव करो आणि कुणाला कळायची वेळ न येवो. रस्त्यापलीकडं भोंगा हातात टायर धरून उभा होता, त्यानंही बघितलं होतं. जन्मात पहिल्यांदा तो काही बोलला नाही.

उस्ताद चहाला गेल्यावर ती वर आली. पट्टी ओढली, पुसली, आत घातली, पुन्हा ओढली. वरच्या खुणेच्या किती वर, ते विचारू नका. पट्टी मुठीपर्यंत भिजलेली. गळतीबिळती काही नव्हतीच त्या गाडीत. इंजिनाचं पोट तुडुंब भरलेलं, क्रँक आत ऑइल घुसळून फेस करत होता, दाब वाढत होता आणि बिचारं इंजिन जिथं फट मिळेल तिथून ओकत होतं. नवी पॅकिंगं, नवी सीलं बसवून ते थोडंच थांबणार? तिनं डिकी उघडली. आत रिकामे डबे. शिस्तीत रचलेले, झाकणं लावलेले. त्यातल्या एकाही डब्याचं त्यांना स्मरण नसणार.

तिनं घरी फोन लावला. सगळं सांगितलं.

“आई, आहेस ना?”

“आहे गं. चहात साखर दोनदा घालतात. परवा धाकटीला फोन लावला, बोलले, ठेवला आणि मला म्हणाले, तिला फोन लावू या का? मी म्हटलं, वय झालं, चालायचंच.” मग आईनं हळूच विचारलं, “तू त्यांना सांगणार?”

“सांगायला तर हवं. त्यांनीच शोधायला सांगितलंय.”

“हात कापतात, नीट दिसत नाही, ते त्यांनी सोसलं बाई. पण आपल्याच हातून गाडी बिघडली हे नाही सोसायचे ते. तुला माहितेय.”

थोरलीला माहीत होतं. आणि दुसरंही एक माहीत होतं. गळतीचं कारण तिला सापडलं होतं, अगदी बिनचूक. ते बापासमोर मांडायचा अवकाश, तो शब्द तिचा होता. आजच घ्यायला हवा होता. ज्या माणसाला सकाळचं ऑइल दुपारी आठवत नाही, तो ‘तू मिस्त्री’ हे म्हणायला अजून किती दिवस लक्षात ठेवणार? उद्या म्हणून चालणार नव्हतं.

तिनं खाली घमेलं लावलं, चेंबरचा, म्हणजे इंजिनाच्या तळाचा, नट सोडला. ऑइल येतच राहिलं. एक घमेलं काठोकाठ भरलं, दुसरं लावलं, आणि तेवढ्यात उस्ताद चहा पिऊन परत आले.

ते घमेल्यांपाशी थबकले. पहिलं बघितलं, दुसरं बघितलं. वाकून बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं, फेस बघितला. आणि त्यांचे डोळे असे लखलखले की थोरलीला वीस वर्षांपूर्वीचा बाप दिसला.

“अगं, हे तर जास्त झालंय! दीडपट! ह्यानंच गळतंय सगळं. सील गेलं नाही, पॅकिंग गेलं नाही, तू उगाच खोललंस. दाबानं येतंय बाहेर!” एका नजरेत सांगितलं, बघा. जे तिला इतके दिवस कळलं नव्हतं, ते उभ्याउभ्या. मग कपाळाला आठी पडली. “पण एवढं भरलं कुणी? कुठल्या गाढवानं भरलं?”

थोरलीनं बापाकडे बघितलं. ते खरंच विचारत होते. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं.

“मी,” ती म्हणाली.

“तू?”

“तुम्ही म्हणालात ना, भरत जा म्हणून. रोज भरलं मी.”

“आणि पट्टी? पट्टी नाही बघितलीस?”

“बघितली. पुसली आणि तशीच बघितली. परत आत घालायची राहिली.”

रस्त्यापलीकडून भोंगा पुढं आला होता. “उस्ताद, अहो, तिनं नाही...” असं काहीतरी म्हणायला त्यानं तोंड उघडलं. थोरलीनं त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं खाली मान घातली आणि खिशात हात घालून उभा राहिला.

“पुसलेली पट्टी बघितलीस?” उस्तादांचा आवाज चढला. गिऱ्हाईक आलं होतं दारात, तेही बघत राहिलं. “पुसलेली पट्टी कोरडीच दिसणार ना! हे तर मी तुला फ्रॉकात होतीस तेव्हा शिकवलंय! माझ्या गाडीला हात लावायला दिला, आणि तू हे केलंस? अरे, मिस्त्री म्हणणार होतो हिला. चारचौघांत म्हणणार होतो! बरं झालं, नाही म्हटलं ते. कधीच म्हणायचो नाही आता.”

“चुकलं बाबा.”

“चुकलं म्हणे! गाडी इथंच राहील. मी सांगेपर्यंत हलवायची नाही. किल्ली तुझ्याकडेच ठेव आणि रोज बघ तिच्याकडे, म्हणजे लक्षात राहील.”

किल्ली राहिली, एवढं एक बरं झालं. आता ते गाडी घेऊन रस्त्यावर जाणार नव्हते. थोरलीनं तेवढाच हिशोब मनाशी केला आणि दुसरं घमेलं उचलून मागं नेलं. मागं गेल्यावर मात्र ती पिंपाला धरून उभी राहिली. बोलणी खाण्याचं काही नाही हो, ती तर लहानपणापासून खाल्लेली. पण ज्या दारावर एवढी वर्षं धरणं धरून बसलो, ते आपल्याच हातानं बंद करून यायचं, आणि दाराबाहेर कोण बसलं होतं हेही आतला माणूस हळूहळू विसरणार! तिला हुंदका आला, तो तिनं तोंडावर बाही दाबून गिळला. बाहेर भोंगा गिऱ्हाइकाला सांगत होता, “बसा, बसा, मिस्त्री येतील आता.” हळू आवाजात सांगत होता. भोंगा, आणि हळू आवाजात!

संध्याकाळी दोघं चालत घरी आली. घरी थोरली मोरीत हातांची काजळी काढत बसली. दार लोटलेलं होतं, पण बाहेरचं सगळं ऐकू येत होतं.

“अगं, इकडे ये जरा,” उस्ताद आईला म्हणत होते. आवाजात राग नव्हता. “थोरलीकडे लक्ष आहे का तुझं?”

“का हो?”

“तिचं काहीतरी बिनसलंय. आज साधी गोष्ट विसरली. साधी म्हणजे अगदी साधी, पोरंसोरंसुद्धा विसरणार नाहीत. मी रागावलो तिला सगळ्यांसमोर. नको होतं रागवायला. तिला आठवतच नव्हतं गं, मी तोंड बघत होतो ना तिचं. लहान पोरीसारखी उभी होती.”

आईनं नाक ओढलेलं ऐकू आलं.

“रडतेस कशाला? मी आहे ना. तिला गॅरेजात एकटीला सोडायची नाही, एवढं करू. मी रोज जाईन बरोबर. तिला कळू द्यायचं नाही, मनाला लागेल तिच्या. चांगली कारागीर आहे गं पोरगी. माझ्यापेक्षा चांगली. म्हणून तर जीव तुटतो.”

थोरलीनं नळ बंद केला. माझ्यापेक्षा चांगली! ती उठली आणि ओल्या हातांनीच बाहेर आली. उस्तादांनी तिला शेजारी बसवलं, तिचा हात आपल्या कापत्या हातात घेतला.

“हे बघ,” ते म्हणाले, “पट्टी पुसली की परत आत घालायची. मग काढायची, मग बघायची. विसरलीस तरी हरकत नाही. मी रोज सांगत जाईन.”

“हो बाबा,” थोरली म्हणाली, आणि मग मात्र तिला आवरेना. सकाळच्या बोलण्यानं रडतेय असं वाटून उस्ताद बराच वेळ तिची समजूत घालत बसले.